शिक्षकांचा ताण आणि खिडकीबाहेरची झाडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतल्या ताणाचा विषय निघाला आणि कोणी म्हटलं की डोळ्यांसमोर थोडी हिरवळ असली की बरं वाटतं, की लगेच प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुतेक तेच तेच असतात. म्हणून सगळे एका जागी लिहिलेत. झेडपीची शाळा असो, संस्थेची असो, ज्युनिअर कॉलेज असो की शहरातली पाच मजली इंग्लिश मीडियम, प्रत्येकाला यातलं काही ना काही लागू पडेल. आपल्या शाळेला लागू नसेल तो प्रश्न सोडून पुढे जा.

नुसतं झाडाकडे बघून टेन्शन कमी होतं, हे खरंच आहे की बोलायच्या गोष्टी?

खरं आहे, आणि यावर चाळीसेक वर्षं काम झालंय. सगळ्यात गाजलेला अभ्यास रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाचा, १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमध्ये १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचे जुने रेकॉर्ड त्यांनी काढले आणि वय वगैरे सारखं असलेल्यांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत, बाकी हॉस्पिटल तेच, मजले तेच, नर्स त्याच. झाडं दिसणारे पेशंट सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले, त्यांना जास्त पॉवरच्या पेनकिलर कमी लागल्या, आणि नर्सच्या नोंदींमध्ये रडणं, अस्वस्थ असणं अशा गोष्टीही कमी सापडल्या.

पुढे १९९१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० जणांना आधी कामावरच्या अपघातांची ताण देणारी फिल्म दाखवली आणि मग काहींना निसर्गाचे, काहींना शहरातल्या रस्त्यांचे व्हिडिओ दाखवले. निसर्ग बघणाऱ्यांचे आखडलेले स्नायू, घाम, नाडी हे सगळं काही मिनिटांतच खाली यायला लागलं, बाकीच्यांपेक्षा लवकर आणि जास्त. म्हणजे फक्त 'छान वाटलं' एवढंच नाही, शरीरात मोजता येईल असा फरक पडला.

पण म्हणून हे औषध आहे असं कोणी समजू नका. परिणाम छोटा असतो, रोज मिळाला तर साठत जातो.

आम्ही काही पेशंट नाही. शिक्षकाच्या थकव्याशी याचा संबंध काय?

माझ्या मते सगळ्यात जास्त संबंध शिक्षकाशीच आहे, आणि हे जरा सविस्तर सांगतो.

मिशिगन विद्यापीठातले स्टीफन आणि रेचल कॅप्लान या पतीपत्नींनी लक्ष कसं थकतं यावर आयुष्यभर काम केलं, १९८९ साली त्यांनी ते पुस्तकरूपात मांडलं. त्यांचं म्हणणं असं की आपलं लक्ष दोन प्रकारचं असतं. एक आपण जोर लावून एखाद्या गोष्टीवर धरून ठेवतो आणि त्यासाठी बाकीचं सगळं मनातून ढकलत राहतो. दुसरं आपोआप लागतं, त्याला कष्ट पडत नाहीत, पानं हलतायत, ढग सरकतायत, चिमणी काहीतरी चोचीत घेऊन चाललीय, आपण बघत राहतो बस. पहिलं लक्ष वापरलं की थकतं, आणि ते थकलं की माणूस चिडचिडा होतो, चुका करतो, छोट्या गोष्टीवरून उसळतो. दुसऱ्या प्रकारच्या बघण्यात पहिल्याला विश्रांती मिळते.

आता वर्गातला एक तास डोळ्यांसमोर आणा. फळ्यावर लिहिताना कान मागच्या बाकाकडे, एक मुलगी गप्प गप्प आहे ते लक्षात ठेवायचंय, दोघांची पेन्सिलीवरून मारामारी चाललीय, शिपाई सूचना-वही घेऊन दारात उभा आहे, मोबाईलवर 'माहिती तात्काळ भरा' असा मेसेज येऊन पडलाय, आणि या सगळ्यात भागाकाराची पायरी चुकवायची नाही. असं दिवसाला सहा-सात तास. ऑफिसमधला माणूस कंटाळला तर खुर्ची मागे ढकलून आळस तरी देतो, साठ मुलांसमोर उभ्या असलेल्या बाईंना दोन मिनिटं लक्ष सैल सोडायची सोय नाही. म्हणून दुपारच्या तासाला आवाज चढतो. तो स्वभाव नसतो, तो थकवा असतो, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण कितीतरी चांगले शिक्षक घरी जाऊन 'आज मी मुलांवर ओरडलो' म्हणून स्वतःलाच दोष देत बसतात.

२००८ साली मिशिगनमध्येच मार्क बर्मन, जॉन जोनाइड्स आणि स्टीफन कॅप्लान यांनी विद्यार्थ्यांना एकदा झाडांच्या बागेतून आणि एकदा गजबजलेल्या रस्त्यावरून पाऊण-एक तास चालायला पाठवलं. आकडे उलट्या क्रमाने म्हणायच्या चाचणीत बागेतून आलेल्यांचे गुण साधारण २० टक्क्यांनी वाढले, रस्त्यावरून आलेल्यांचे फारसे नाही. आणि काहींनी कडाक्याच्या थंडीत ती चक्कर मारली होती, त्यांना ती आवडलीही नव्हती, तरी फायदा झालाच. म्हणजे 'मला झाडाबिडांची आवड नाही' म्हणणाऱ्या सरांनाही उपयोग होऊ शकतो.

आमच्या वर्गाला खिडक्या आहेत, बाहेर झाडंही आहेत. मग फायदा आपोआप होतच असेल ना?

नाही, आणि इथेच सगळे चुकतात.

अमेरिकेत इलिनॉयमधल्या पाच हायस्कूलमध्ये ९४ विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये आला, डोंगयिंग ली आणि विल्यम सलिव्हन यांचा. काही मुलं बिनखिडकीच्या वर्गात, काही इमारती दिसणाऱ्या वर्गात, काही झाडं दिसणाऱ्या वर्गात. सगळ्यांना अर्धा तास डोक्याला ताण देणारी कामं दिली, मग दहा मिनिटांची सुट्टी, तीही त्याच खोलीत बसून. गंमत म्हणजे काम चालू असताना तिन्ही वर्गांत लक्षाच्या बाबतीत फरक दिसला नाही. फरक दिसला तो सुट्टीनंतर. झाडं दिसणाऱ्या वर्गातल्या मुलांचं लक्ष परत ताजं झालं, ताणही लवकर उतरला.

म्हणजे झाड पाहिजे आणि सुट्टीही पाहिजे. शिकवताना पाठीमागे वडाचं झाड असून काही होत नाही, कारण तुम्ही त्याच्याकडे बघतच नाही. आपल्याकडे बऱ्याच शाळांच्या आवारात झाडं आहेत, चांगली जुनी आहेत, पण शिक्षकाची मधली सुट्टी पोषण आहाराच्या रांगेत, वह्यांच्या गठ्ठ्यात किंवा मोबाईलवर माहिती भरण्यात जाते. ती सुट्टी सुट्टी राहिलेलीच नाही. पुढची सगळी उत्तरं वाचताना ही एकच गोष्ट लक्षात ठेवा.

किती वेळ बघायचं?

अगदी थोडा वेळसुद्धा चालतो. २०१५ साली मेलबर्न विद्यापीठात १५० विद्यार्थ्यांना एका कंटाळवाण्या कामाच्या मध्ये फक्त ४० सेकंद कॉम्प्युटरवर एका इमारतीच्या गच्चीचं चित्र दाखवलं, काहींना फुलांचं गवत उगवलेली गच्ची, काहींना कोरडी काँक्रीटची. गवताची गच्ची बघितलेल्यांच्या पुढच्या चुका कमी झाल्या. ४० सेकंद म्हणजे एक तास संपून दुसरा सुरू होताना जेवढा वेळ व्हरांड्यात जातो तेवढाच.

शरीरातला ताण नीट उतरायला मात्र जास्त वेळ लागतो. मिशिगनच्याच २०१९ च्या एका अभ्यासात हिरव्या जागेत २० ते ३० मिनिटं घालवल्यावर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारं संप्रेरक, सगळ्यात वेगाने उतरताना दिसलं. आणि इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला मिळून दोन तास निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात, दोन तास एकदम असोत की तुकड्यातुकड्यात.

तर हिशोब सोपा ठेवा, शाळेतल्या दोन तासिकांच्या मध्ये अर्धा मिनिट, मधल्या सुट्टीत पाच-दहा मिनिटं, आणि रविवारी जमेल तशी मोठी चक्कर.

बघायचं म्हणजे नक्की काय करायचं? ध्यान वगैरे?

नाही हो, ध्यानबिन काही नाही. मोबाईल खिशात, हातात पेन नको, आणि बाहेर बघा. एखादी फांदी, तिच्यावर काय चाललंय ते. मार्च-एप्रिलमध्ये तांबट पक्षी टुक टुक करत असतो तो कुठल्या फांदीवर आहे ते शोधा, पावसाळ्यात खोडावर शेवाळ कुठवर चढलंय बघा. मनात दुसरे विचार आले तर येऊ द्या. जोर लावून 'मी आता रिलॅक्स होतोय' असं करायला गेलात तर तेही एक कामच होऊन बसतं.

स्टाफरूमला खिडकी आहे पण तिथून काही दिसत नाही.

का दिसत नाही ते आधी तपासा, कारण बहुतेक वेळा बाहेर झाड असतं आणि अडथळा आतच असतो. मी ज्या ज्या स्टाफरूममध्ये बसलोय त्यातल्या बऱ्याच ठिकाणी खिडकीसमोर लोखंडी कपाट ठेवलेलं असतं, कपाटावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, त्यावर स्नेहसंमेलनाचे मुकुट. काचेला ऑइलपेंट मारलेला असतो किंवा वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं कारण कधीतरी ऊन यायचं म्हणून कोणीतरी चिकटवलं. स्मार्ट क्लासच्या खोलीत पडदा प्रोजेक्टरसाठी ओढतात आणि तो वर्षभर तसाच राहतो.

मग झाड लावायच्या आधी हे करा. एका शनिवारी शाळा सुटल्यावर चार जण मिळून कपाट बाजूच्या भिंतीला सरकवा. काचेवरचा रंग पट्टीने किंवा ब्लेडने खरवडा, कोमट पाणी आणि साबण लावून. ऊन येत असेल तर पातळ पडदा लावा जो सरकवता येईल. जुने पेपर ठेवायची मुदत संपली असेल तर नियमाप्रमाणे रद्दीत काढा. शेवटी खुर्च्या फिरवा, म्हणजे भिंतीकडे तोंड करून बसलेले लोक खिडकीकडे तोंड करून बसतील. यात पैसे जवळजवळ लागतच नाहीत आणि माझा अनुभव असा की सगळ्यात जास्त फरक याच एका दिवसाने पडतो.

आणखी एक. खिडकीजवळची जागा वर्षानुवर्षं एकाच सिनियर व्यक्तीची असते. ती काढून घ्या असं नाही म्हणत, पण खिडकीपाशी एक बाक किंवा दोन स्टूल कोणाच्याही नावाचे नाहीत असे ठेवा, ज्याला दोन मिनिटं बसायचं तो बसेल.

ऑफ तास मिळतच नाही, मिळाला तर प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा तास, लावतात. मग कधी बघायचं?

हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि याचं उत्तर वेळापत्रक करणाऱ्या सरांकडे आणि मुख्याध्यापकांकडे आहे, तुमच्या एकट्याकडे नाही. रोज सलग चार तास कोणालाच येऊ नयेत एवढी एक अट वेळापत्रक लावताना घालता येते. प्रॉक्सीची वही ठेवा, म्हणजे कोणावर किती प्रॉक्सी पडल्या ते दिसतं आणि गरीब स्वभावाच्या माणसावरच सगळं येत नाही. मधल्या सुट्टीची ड्युटी पाळीपाळीने, आणि ज्याची ड्युटी नाही त्याला त्या वेळात कोणी काही विचारायचं नाही, हा नियम स्टाफ मीटिंगमध्ये ठरवून टाका. आणि मैदानावर ड्युटी असेल तर झाडाखाली उभं राहून करा, मुलांवर लक्ष ठेवायचंच आहे पण डोळ्यांना हिरवं मिळतं.

दोनशिक्षकी शाळेत हे अवघड आहे हे मान्य. तिथे परिपाठ झाडाखाली, वाचनाचा तास झाडाखाली, असं करून मुलांसोबतच बाहेर पडा. झाडाखालचा वर्ग ही काही नवी गोष्ट नाही, शांतिनिकेतनात १९०१ पासून चालत आलंय.

मोबाईलवर जंगलाचे फोटो बघितले, कॉम्प्युटरला धबधब्याचा वॉलपेपर ठेवला तर?

काहीच नसण्यापेक्षा बरं. वर सांगितलेल्या बर्मन यांच्या मिशिगनच्या अभ्यासात फोटो बघूनही लक्ष थोडं सुधारलं होतं. पण २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात ९० जणांवर एक चांगला प्रयोग झाला, काहींना खरी खिडकी ज्यातून झाडं आणि कारंजं दिसायचं, काहींना तेच दृश्य लाइव्ह दाखवणारा मोठा प्लाझ्मा टीव्ही, काहींना नुसती भिंत. ताण आल्यावर हृदयाचे ठोके खऱ्या खिडकीपाशी लवकर खाली आले, टीव्ही आणि भिंत यांच्यात फरकच नव्हता. त्यामुळे खरी खिडकी असताना स्क्रीन नको. आणि मोबाईलचं तर वेगळंच, फोटो बघायला काढला की वरून तीन ग्रुपचे मेसेज दिसतात आणि गेली सुट्टी.

भिंतीवर मोठं चित्र लावायचं असेल तर बिनखिडकीच्या खोलीत लावा, आणि शाळेच्याच मुलांनी काढलेलं आपल्या गावच्या डोंगराचं किंवा नदीचं लावा.

आमची शाळा मुंबईत आहे, चौथा मजला, समोर दुसरी बिल्डिंग. काय बघायचं?

आकाश. खरंच सांगतो, आकाशाचा तुकडाही चालतो, पावसाळ्यात तर ढगच पुरतात. समोरच्या बिल्डिंगच्या भेगेतून उगवलेला पिंपळ असतो, रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाचा शेंडा चौथ्या मजल्यावरून जेवढा छान दिसतो तेवढा खालून दिसत नाही. कुठल्या मजल्यावरच्या कुठल्या कोपऱ्यातून काय दिसतं ते एकदा फिरून बघा, जिन्याच्या वळणावरची खिडकी, लॅबचा मागचा कोपरा, गच्ची. गच्चीला कुलूप असतंच, मुलांच्या सुरक्षेसाठी ते बरोबरही आहे, पण मधल्या सुट्टीत शिक्षकांना किल्ली मिळू शकते का ते विचारा.

नेदरलँड्सचे नागरी वनांचे अभ्यासक सेसिल कोनायनेंडाइक यांनी २०२१ साली शहरांसाठी ३-३०-३०० असा एक नियम सुचवला. घर, शाळा, कामाची जागा कुठेही असो, तिथून निदान ३ मोठी झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. आपल्या शाळेच्या स्टाफरूममधून ३ झाडं दिसतात का, एवढं जरी मोजलं तरी मागणी काय करायची ते कळतं.

कुंड्या ठेवायच्या तर कुठल्या? दिवाळीच्या सुट्टीत पाणी कोण घालणार?

ऊन कमी असलेल्या स्टाफरूममध्ये मनीप्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, ही पाणी विसरलं तरी तग धरतात. उन्हाच्या खिडकीत सदाफुली, कोरफड, पानओवा. ग्रिलवर चढवायला गोकर्ण मस्त, बी टाकलं की येतं, निळी फुलं येतात आणि खिडकीबाहेर भिंत असली तरी वेलच दृश्य होतो. कृष्णकमळही चांगलं, फक्त पसरतं. मातीत कोकोपीट मिसळलं की ओल टिकते, सुट्टीआधी कुंड्या सावलीत एकत्र करून ठेवल्या की दहा दिवस निघतात, त्यापुढे शिपाईमामांशी किंवा जवळ राहणाऱ्या मुलांशी आधी बोलून ठेवा.

बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या वर्गात मनीप्लांट खाली ठेवू नका, पान चावलं तर तोंडाची आग होते. कण्हेर आणि बिट्टी तर शाळेच्या आवारात नकोच, दोन्ही विषारी.

स्टाफरूमसमोर झाड लावायचंय, कुठलं लावू?

जागा आणि पाणी बघून ठरवा, पण मला विचाराल तर देशी झाड आणि ज्याच्यावर पक्षी येतात असं. करंज, कडुनिंब, बहावा, ताम्हण. ताम्हण तर महाराष्ट्राचं राज्यफूल, जांभळ्या फुलांनी एप्रिल-मेमध्ये भरतं आणि फार अवाढव्य होत नाही म्हणून शाळेला बरं. पांगारा आणि काटेसावर फुलले की बुलबुल, साळुंक्या, शिंजीर सगळे येतात, पण खोडाला काटे असतात तेव्हा मैदानाच्या कडेला. वड-पिंपळ इमारतीला चिकटून लावू नका, मुळं भिंतीत जातात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, दिसतो सुंदर पण लाकूड ठिसूळ आहे, वादळी पावसात फांद्या पडतात, त्यामुळे मुलं खेळतात तिथे नको.

खिडकीपासून थोडं लांब लावा म्हणजे वाढल्यावर अंधार होणार नाही. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल, उन्हाळ्यातच खणून तापू द्या, पहिला दमदार पाऊस झाला की रोप लावा, आणि भोवती काट्यांचं कुंपण, नाहीतर शेळ्या दुसऱ्या दिवशी येतात. पहिले दोन उन्हाळे सांभाळले की झालं.

आमच्याकडे मराठवाड्यात मार्चनंतर सगळं करपलेलं असतं. हिरवं कुठून आणायचं?

हिरवंच पाहिजे असं नाही. आणि उन्हाळा वाटतो तेवढा उजाड नसतो, आपली नजर तिकडे गेलेली नसते. शाळेच्या सगळ्यात ताणाच्या दिवसांतच, बोर्डाच्या परीक्षा, पेपर तपासणी, निकालपत्रकं, तेव्हाच बाहेर फुलांचा हंगाम चालू असतो. फेब्रुवारीत काटेसावर आणि पळस, पान नसतं पण झाड फुलांनी लाल-केशरी. मग पांगारा. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंबाला कोवळी तांबूस-पोपटी पालवी येते आणि लगेच मोहर, पिंपळाची नवी पानं तांब्यासारखी चमकतात, करंज तर एकदम ताजा हिरवा होतो. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा होऊन लटकतो. परीक्षा संपल्यावरही निकालासाठी शाळेत यावं लागतंच, त्या दिवसांत मुद्दाम हे बघा.

पाण्यासाठी, मुलं जेवणानंतर ताटं धुतात आणि हात धुतात ते पाणी चर काढून परसबागेकडे वळवा. रोपाशेजारी मातीचा मडका गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवला की पाणी झिरपत राहतं, आठवड्यातून एक-दोनदा भरलं तरी पुरतं.

मुलं खिडकीबाहेर बघत बसतील त्याचं काय?

थोडी बघतील. इलिनॉयच्या त्याच अभ्यासात झाडं दिसणाऱ्या वर्गातली मुलं मागे पडली नाहीत, उलट सुट्टीनंतर पुढे गेली. आपण बाहेर बघणाऱ्या मुलाला 'लक्ष कुठंय तुझं' म्हणून उभं करतो, पण पाचव्या तासाला दमलेलं पोर अर्धा मिनिट बाहेर बघून परत वहीत येत असेल तर येऊ द्या. रस्त्याकडची खिडकी वेगळी, तिथे गाड्या, हॉर्न, वरात, ती खरंच लक्ष खेचते. काच बंद ठेवून आवाज कमी करा, दिसायला काच उघडी लागत नाही.

डास, साप, पालापाचोळा?

कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका, आठवड्याला रिकाम्या करा. खिडकीखाली दाट झुडपं आणि विटांचे ढीग नकोत, तेवढी जागा साफ ठेवा. पाला जाळू नका, एका कोपऱ्यात खड्डा करून टाका, परसबागेला खत होतं.

फांद्या छाटायच्या असतील तर?

शहरी भागात १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांचा कायदा लागू आहे, महापालिका किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्या. मे महिन्यातच अर्ज करा आणि धोकादायक फांद्या तेवढ्याच काढायला सांगा, कारण उभं झाड खांबासारखं बोडकं करून जाणारेही असतात. छाटणीच्या वेळी शाळेचं कोणीतरी तिथे उभं असावं.

पेपर तपासताना आणि ऑनलाइन माहिती भरताना डोळे आणि डोकं दोन्ही जातं. तेव्हा?

डोळ्यांचे डॉक्टर २०-२०-२० सांगतात, दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायचं. ते २० फुटांवरचं काहीतरी म्हणजे झाड असू द्या, भिंतीवरचं कॅलेंडर नको. टेबल खिडकीला काटकोनात लावा, म्हणजे स्क्रीनवर चकाकी येत नाही आणि मान वळवली की बाहेर दिसतं. पेपरांचा गठ्ठा दहा-दहाने फोडा आणि प्रत्येक दहानंतर उठून खिडकीपाशी जा. शेवटच्या मुलाच्या पेपरलाही पहिल्या मुलाएवढंच लक्ष मिळालं पाहिजे, त्याच्यासाठी हे करायचंय.

अशैक्षणिक कामं कमी करायची सोडून आम्हाला झाडं बघायला सांगताय का?

अजिबात नाही, आणि कोणी तसं सांगत असेल तर त्याला स्पष्ट विरोध करा. शिक्षणहक्क कायदा २००९ चं कलम २७ सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्तीमधलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा असं आहे. रिकामी पदं, एकाच माहितीचे चार चार नमुने, वेळेवर न होणारा पगार, विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं राबणं, हे ताणाचं मूळ आहे आणि ते खिडकीने सुटत नाही. त्यासाठी संघटना आहेत, निवेदनं आहेत, लढावंच लागतं.

पण ती लढाई चालू असताना माणूस टिकला पाहिजे ना. मधली सुट्टी खरी सुट्टी असावी आणि बसायची जागा माणसासारखी असावी ही मागणी त्या मोठ्या मागण्यांच्या विरोधात नाही, त्यांच्यातलीच एक आहे. झाड दाखवून कामाचा बोजा झाकायचा प्रयत्न कोणी केला तर ते मान्य करू नका, आणि बोजा आहे म्हणून झाडही नको असंही करू नका.

मुख्याध्यापकांना किंवा संस्थेला कसं पटवायचं?

लेक्चर देऊ नका, एक छोटी मागणी घेऊन जा. 'स्टाफरूमचं कपाट हलवायला परवानगी द्या, आम्ही शनिवारी करतो' याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. कुंड्यांसाठी निरोप समारंभात दहावीच्या मुलांकडून घड्याळाऐवजी रोपं घ्या. परसबाग पोषण आहारासाठी करतोच आहोत, तर ती स्टाफरूमच्या खिडकीसमोर करा, दोडका, कारली, वाल यांचे वेल मांडवावर चढवले की श्रावणात खिडकी भरून जाते. आणि मुख्याध्यापकांच्या केबिनलाही तेच करून द्या, त्यांच्यावरचा ताणही काही कमी नसतो.

हे सगळं करूनही झोप लागत नाही, शाळेत जायच्या विचाराने पोटात गोळा येतो.

मग हे झाडांवर सोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त असं होत असेल, रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोनवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू. मरणाचे विचार येत असतील तर आजच फोन करा आणि घरातल्या किंवा शाळेतल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगा. स्टाफरूममधलं कोणी असं गप्प गप्प झालेलं दिसलं तर 'चला, जरा बाहेर झाडाखाली बसू' एवढं म्हणून सोबत घेऊन बसा, समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी बसून बोलणं पुष्कळांना सोपं जातं.

आमची नवी इमारत होणार आहे. आराखड्यात काय सांगायचं?

आत्ताच सांगा, नंतर काही होत नाही. स्टाफरूम जिन्याखालच्या उरलेल्या खोलीत टाकू नका, जिथून झाडं किंवा शेत दिसतं त्या बाजूला मागा. खिडकीचा कट्टा तीन फुटांच्या आत असू द्या, कारण खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात आणि शाळांच्या खिडक्या मुद्दाम उंच ठेवतात, मग बसून फक्त समोरचा पत्रा दिसतो. काच पारदर्शक, ग्रिल उभ्या गजांची. कपाटांसाठी खिडकी नसलेली भिंत नकाशातच ठरवून घ्या. आणि पायाखोदाई सुरू व्हायच्या आधी आवारातलं प्रत्येक जुनं झाड मोजून, खोडावर चुन्याचा पट्टा मारून, नकाशावर दाखवायला लावा आणि त्या कागदावर संस्थेची व कॉन्ट्रॅक्टरची सही घ्या, कारण खडीचा पहिला ट्रक आत यायला जागा पाहिजे म्हणून सगळ्यात आधी झाडंच जातात.